बाबांची वीत

१

धाकट्याने बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं, कान लावून ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. ती फळी ठेवून त्याने शेजारची उचलली, मग तिसरी. आवाज प्रत्येक वेळी तोच आला, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा बद्द.

"हे बाबांचं लाकूड नाही," तो म्हणाला.

माळ्यावर चौघं उभे होते. धाकटा, त्याची ताई, विश्वस्त काका आणि वकीलबाई. काका आणि वकीलबाईंचं लक्ष धाकट्याकडे गेलं. ताईने मात्र मान खाली घातली आणि पायाने धुळीत रेघ ओढत राहिली. वकीलबाईंनी ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं.

धाकट्याचे वडील व्हायोलिन बनवायचे. हातात पैसा आला की माणसं दागिने घेतात, हा गृहस्थ लाकूड घ्यायचा. डोंगरात जाऊन झाड निवडायचं, ते चिरून आणायचं आणि माळ्यावर वर्षानुवर्षं मुरू द्यायचं. असं लाकूड लोणच्यासारखं असतं, घाई केली की वाया जातं. ते वापरायला तयार झालं तेव्हा वापरणारा मात्र उरला नाही. शेवटच्या दुखण्यात त्याने सगळ्याचा ट्रस्ट केला. खालचं घर ताईला, आणि कारखाना व माळ्यावरचं लाकूड धाकट्याला, तो एकवीस वर्षांचा झाला की. तोवर सांभाळायला विश्वस्त नेमले ते काकांना. काका सख्खे नव्हते. बाबांचे जुने मित्र, शाळेत गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत आल्या. ती फूटपट्टी कुणाच्या हातावर कधी बसली नाही, पण वहीतला समास तिरका गेलेला त्यांना खपत नसे.

आज धाकट्याला एकवीस पूर्ण झाली होती. काकांच्या हातात एक कागद होता. 'ट्रस्टची सर्व मालमत्ता सुस्थितीत मिळाली, विश्वस्तांविरुद्ध तक्रार नाही.' पेनाचं टोपणही त्यांनी काढून ठेवलं होतं.

"लाकूड होतं तिथेच आहे, बाळ," काका शांतपणे म्हणाले. "लहानपणी ऐकलेला आवाज मोठेपणी तसाच कसा लागेल? सही कर, म्हणजे मीही सुटलो."

धाकट्याने पेन घेतलंसुद्धा. मोठ्यांचं ऐकायची सवय वाईट असते. वकीलबाईंनी ते पेन त्याच्या बोटांतून अलगद काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

कोर्टात त्यांना 'सुई' म्हणत. दिसायला बारीक, बोलणं मोजकं, आणि एकदा टोचली की रक्त काढूनच बाहेर येणार. त्या आज आल्या होत्या ते धाकट्याने काल त्यांच्या ऑफिसात येऊन, सही करण्याआधी कुणी सोबत असावं का, असं भीतभीत विचारलं म्हणून. त्यांनी काकांना विचारलं की माळ्याच्या किल्ल्या कुणाकडे असतात. एक त्यांच्याकडे, एक बाबांच्या जुन्या मिस्त्रीकडे, आणि ताई खालीच राहते, तेव्हा तिला किल्लीची गरजच काय, असं काका म्हणाले. मग ते पायऱ्या उतरून निघून गेले, पेन न मागता.

२

काका गेल्यावर वकीलबाई गुडघ्यांवर बसल्या आणि लाकूड नीट पाहू लागल्या. वरून सगळं ठाकठीक होतं. फळ्या जुनाट करड्या, कापलेल्या तोंडांना मेण लावलेलं, दोन थरांमध्ये हवा खेळावी म्हणून बारीक पट्ट्या घातलेल्या. मेण कशाला, त्यांनी विचारलं.

धाकट्याने सांगितलं की झाड चिरलं की त्याच दिवशी तोंडांना मेण फासतात. तोंड उघडं राहिलं तर तिथून लाकूड भरभर सुकतं आणि तडकतं. तो आता एका व्हायोलिनवाल्याकडे शिकत होता, आणि हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

वकीलबाईंनी नखाने मेण खरवडलं. फळीच्या तोंडाला बारीक भेगा होत्या, आणि मेण त्या भेगांच्या आत खोलवर उतरलं होतं. आधी भेगा पडल्या आणि मग मेण ओतलं, हे उघड दिसत होतं. चोर पळून गेल्यावर दाराला कुलूप लावावं तसा प्रकार. ज्याने हे केलं त्याने मेण लावलेल्या फळ्या पाहिल्या होत्या, पण ते का लावतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग त्यांचं लक्ष खाली गेलं. सर्वांत खाली बाबांनी जमिनीला ठोकलेले आडवे दांडे होते. त्यांवर फळ्यांचा थर, त्यावर पट्ट्या, पुन्हा फळ्या. पट्टी दांड्याच्या बरोबर डोक्यावर यायला हवी, नाहीतर फळी मधे झुकते, हे कुणालाही कळेल. इथे पहिली पट्टी दांड्यावर होती आणि पुढच्या सगळ्या भलतीकडेच. दांड्यांचं माप एक, पट्ट्यांचं दुसरं.

"बाबा टेप वापरायचेच नाहीत," धाकटा म्हणाला. "वितीने मापायचे." त्याने आपला पंजा पसरून एका दांड्यावर अंगठा टेकवला. करंगळी पुढच्या दांड्याच्या पार पलीकडे गेली. "त्यांच्या करंगळीचं टोक करवतीत गेलं होतं. म्हणून त्यांची वीत आखूड."

बोटाचं नाव निघताच ताई खाली निघून गेली.

वकीलबाईंनी आपल्या पर्समधला शिवणकामाचा टेप काढून वरच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. आकडा पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

दुपारी त्या मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्री म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारा म्हातारा. कारखाना बंद झाल्यावर काकांनी आपल्याला एका शब्दानेही विचारलं नाही, याचं त्याला अजून वाईट वाटत होतं. माळ्याची किल्ली खिळ्याला टांगलेली होती आणि गंजून खिळ्यालाच चिकटली होती. ती ओढून काढताना भिंतीचा पोपडा पडला. वकीलबाईंनी त्याला सहज विचारलं की सुकलेल्या, तडकलेल्या फळीला मेण लावलं तर? तो त्यांच्याकडे असा बघत राहिला की जणू त्यांनी मेलेल्या माणसाला काढा पाजायचं विचारलं होतं.

उरले ताईचे यजमान. त्यांचं लाकडाचं दुकान होतं, दारं-खिडक्यांचं साधं लाकूड विकायचे. भले गृहस्थ, पण खोटं बोलायला लागले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. माळ्यावरच्या फळीचा एक तुकडा वकीलबाईंनी त्यांच्यापुढे ठेवला आणि हे तुमच्या दुकानातलं का, असं विचारलं. पाळ्या लाल झाल्या. थोडं आढ्याकडे, थोडं रस्त्याकडे बघून झाल्यावर ते म्हणाले की हो, तीन-चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने जुनाट दिसणाऱ्या फळ्या निवडून नेल्या होत्या.

"कोण गिऱ्हाईक?"

ते तोंड उघडणार तोच मागच्या दारातून ताई आत आली. तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. नवरा मुकाट्याने फळ्या मोजायला निघून गेला, आणि त्या दुकानातून नंतर एक अक्षरही बाहेर पडलं नाही.

३

काकांच्या घरी वकीलबाईंना चहा मिळाला आणि सोबत तडजोडीचा एक प्रस्तावही.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर विद्यार्थ्यांचे गटफोटो होते. टेबलावर टोकं केलेल्या पेन्सिली, एकीशेजारी एक, शिस्तीत निजवलेल्या. काका म्हणाले की ते आता थकले, त्यांना भांडण नको. लाकूड बदललंय यावर त्यांचा विश्वास नाही, पण मुलाच्या मनात किंतु राहायला नको, म्हणून चालू बाजारभावाने लाकडाची किंमत ते स्वतःच्या खिशातून भरतील. सही मात्र उद्याच्या उद्या हवी.

चोरी झालीच नाही म्हणणारा माणूस भरपाई द्यायला एवढा उतावीळ का, हा प्रश्न वकीलबाईंनी चहाबरोबर गिळला. जाताना त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून फोटो फार सुरेख लावलेत म्हटलं.

"फुटाफुटावर," काका खुलून म्हणाले. "सुताराला सांगितलं तर तो अंदाजाने ठोकतो. अशी कामं मी माझ्या हातानेच करतो."

धाकटा बाहेर रस्त्यावर वाट पाहत होता. काका पैसे देतायत, तर भानगड मिटली का, असं त्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा नव्हती, नुसता थकवा होता. वकीलबाईंनी त्याला चालता चालता समजावलं. विश्वस्ताने घात केला तर कायदा एकच दार उघडत नाही. त्याला दूर करून दुसरा नेमता येतो, पै-पैचा हिशेब मागता येतो, नुकसान भरून घेता येतं, मिळवलेला नफा काढून घेता येतो. पण सगळ्यांत पहिला हक्क मूळ वस्तूवर. वस्तू शाबूत असेल तर ती जिथे असेल तिथून परत मागता येते. ती नष्ट झाली की मग हातात पैसे उरतात.

"पैशाने मला दुकानातलं लाकूड मिळेल," धाकटा म्हणाला. "ते तर कुणालाही मिळतं. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांनी मला शिकवायचं ठरवलं होतं आणि राहून गेलं. त्यांच्याकडून माझ्यापर्यंत यायचं असं तेवढंच बाकी होतं." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वकीलबाईंनी रस्त्यावरच्या सायकली बघितल्यासारखं केलं.

असं लाकूड चोरून शेकोटी कुणी करत नाही, त्या म्हणाल्या. व्हायोलिनवाल्यांनाच विकावं लागतं. या भागात असा व्यापार कोण करतं?

एकच जण करत होता, गोदामवाला शेठ. धाकटा ज्याच्याकडे शिकत होता त्या मालकांना वकीलबाईंनी तिथूनच फोन लावला. मालक म्हणाले की मजाच आहे, शेठने आजच निरोप पाठवलाय. फार जुनं, उत्तम मुरलेलं लाकूड आहे, उद्या सकाळी आठला मशीनवर घेऊन त्याचे वाद्यापुरते तुकडे करणार, ज्याला हवे त्याने नाव नोंदवावं.

धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं. तुकडे झाल्यावर कुठलं लाकूड कुणाचं हे देवालाही सांगता आलं नसतं. कोर्टाचा मनाई हुकूम मिळाला तरी तो अकराच्या आधी मिळणार नव्हता, आणि मशीन आठला सुरू होणार होतं.

४

सकाळी आठच्या आधीच त्या गोदामात पोचल्या. धाकटा बरोबर होताच. वकीलबाईंनी ताईलाही बोलावलं होतं, आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं. ती रात्रभर झोपली नसावी. ती दाराशीच उभी राहिली.

गोदामाच्या मधोमध फिरत्या पोलादी पट्ट्याची करवत होती. मशीनवाला तिचा ताण तपासत होता, आणि बाजूला फळ्यांची रास लावलेली होती. धाकटा कुणाला न विचारता तिच्याकडे गेला. त्याने वरच्या फळीवर पेर मारलं. छोटीशी घंटा वाजावी तसा स्वच्छ, लांबत जाणारा आवाज गोदामभर फिरला. मशीनवाल्यानेही वळून पाहिलं. धाकट्याने फळीवर हात ठेवला आणि तो काढेचना.

शेठ गोलमटोल, हसतमुख आणि पोहोचलेला माणूस होता. सकाळी सकाळी वकील बघून त्याचं हसू थोडं आखडलं, एवढंच. त्याने आधीच सांगून टाकलं की हा माल त्याने बाजारातून घेतलाय, पूर्ण दाम मोजून, प्रामाणिकपणे. कुठल्या ट्रस्टबिस्टचं त्याला काही माहीत नाही.

"तसं असेल तर मी आल्या पावली परत जाते," वकीलबाई म्हणाल्या.

धाकट्याने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरं तेच बोलत होत्या. विश्वस्ताने विकली तरी ट्रस्टची वस्तू ट्रस्टचीच राहते, आणि हातोहात कितीही फिरली तरी हक्क तिच्या मागोमाग जातो. तो थांबतो एकाच दारात. ज्याने काही माहीत नसताना, खरी किंमत देऊन ती घेतली, त्याच्याकडून ती काढून घेता येत नाही. शेठला हा कायदा पाठ असावा. त्याचं हसू पुन्हा सैल झालं.

"फक्त दोन गोष्टी सांगा," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला राशीजवळ नेलं आणि फळ्यांच्या पृष्ठभागाकडे बोट केलं. करड्या लाकडावर ठरावीक अंतराने आडवे फिके ठसे होते. पट्ट्यांखाली झाकली गेलेली जागा वर्षानुवर्षं हवेला न लागल्याने फिकी राहते, आणि ते ठसे वरून पुसून जात नाहीत. वकीलबाईंनी माळ्यावर एक दोरी घेऊन बाबांच्या दोन दांड्यांमधलं अंतर गाठीने बांधून आणलं होतं. ती दोरी त्यांनी ठशांवर धरली. एका ठशावर एक गाठ, पुढच्या ठशावर दुसरी. त्यांनी दोरी पुढे सरकवली, पुन्हा तेच. शेवटपर्यंत तेच. बोटाचं टोक गमावलेल्या एका माणसाची वीत त्या राशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटलेली होती.

शेठ म्हणाला की असेल, असेल त्यांचं, पण ते त्याला कसं कळावं?

"मग ही तोंडं कशाला छाटली?"

प्रत्येक फळीची दोन्ही तोंडं ताजी कापलेली होती, पिवळीधमक. बाबांचं मेण आणि त्यावर बाबा प्रत्येक फळीला घालायचे ते खुणेचे आकडे कुठेच नव्हते.

"तुम्ही जन्मभर याच धंद्यात आहात," वकीलबाई सावकाश म्हणाल्या. "एवढ्या महाग लाकडाचं बोटभरसुद्धा कुणी वाया घालवत नाही. तोंडं छाटायची ती वाद्य बनवताना. तुम्ही आधीच छाटलीत, कारण त्यांवर मालकाची खूण होती आणि मालक कोण हे तुम्हाला माहीत होतं. ज्याला माहीत नसतं त्याला काही लपवावं लागत नाही. आणि जाणूनबुजून घेणारा विश्वस्ताइतकाच देणेकरी होतो. उद्या पूर्ण भरपाई तुमच्या एकट्याकडूनही वसूल होऊ शकते."

शेठच्या कपाळावर घाम आला. त्याने मशीनवाल्याला थांबायची खूण केली, मग ती खूण मागे घेतली, मग रुमाल काढला.

"मी घेतलंच नाही हो," तो शेवटी म्हणाला. "एक पैसा दिलेला नाही. माझ्याकडे नुसतं ठेवायला दिलंय. माझी फक्त दलाली. ज्यांचं आहे ते येतच असतील."

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

५

काका आत आले, सगळ्यांकडे एकदा पाहून त्यांनी हेल्मेट काढलं आणि ते एका खोक्यावर नीट सरळ ठेवलं. कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

वकीलबाईंनी आवाज न चढवता सगळं मांडलं. तडकलेल्या लाकडावर मेण ओतणारा माणूस मिस्त्री असू शकत नाही, ताईचे यजमानही नाहीत, दोघांनाही लाकूड कळतं. खोट्या राशीतल्या पट्ट्या बरोबर फुटाफुटावर होत्या, खालचे दांडे कुठे आहेत याची पर्वा न करता, आणि फुटाफुटावर सगळं स्वतःच्या हाताने लावणारा माणूस त्यांनी काल पाहिला होता.

काकांनी नाकारलं नाही. उलट त्यांचा आवाज चढला.

"इतकी वर्षं या मुलांचं सगळं मी फुकट सांभाळलं," ते म्हणाले. "कर भरले, छप्पर गळलं तेव्हा दुरुस्त केलं. एक माणूस तरी म्हणाला का, की सर, तुम्हाला काय द्यायचं? मी माझं घेतलं."

यात खोटं फारसं नव्हतं, म्हणूनच ते ऐकताना जास्त वाईट वाटलं. मेहनताना हवा होता तर कोर्टाकडे मागता आला असता, वकीलबाई म्हणाल्या, कोर्टाने दिलाही असता. अंधारात हात घालायची गरज नव्हती.

तेव्हा काकांनी हुकमाचा पत्ता टाकला.

"अंधारात? हिला विचारा." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या ताईकडे हात केला. "हिच्याच सांगण्यावरून मी ते माळ्यावरून हलवलं. हीसुद्धा लाभार्थी आहे, सज्ञान आहे. वकीलबाई, तुम्हाला कायदा माहीत आहे. लाभार्थ्याने स्वतःच सांगून विश्वस्ताकडून घात करवला तर नुकसान आधी त्याच्या हिश्शातून. म्हणजे हिच्या घरातून. करा दावा."

धाकटा हळूहळू वळला. "ताई?"

ताईने पदराने तोंड पुसलं आणि ती सरळ त्याच्याकडे बघून बोलली. बाबांचं बोट गेलं तेव्हा ती घरी होती. ते तुटलेलं टोक तिने उचललं होतं. नंतर भुशाने त्यांची छाती गेली, शेवटचे महिने ते बसून झोपायचे आणि ती उशी धरून बसायची. धाकटा तेव्हा लहान होता, त्याला आतल्या खोलीत येऊ देत नसत. "ते लाकूड घरात असतं तर तू त्याच्याकडेच गेला असतास," ती म्हणाली. "मी काकांना म्हटलं, विकून टाका, याला कळू देऊ नका. माझ्या वाट्याचे म्हणून त्यांनी दिले ते पैसे तुझ्या शिक्षणासाठी तसेच ठेवलेत. मला तू हवा होतास रे. लाकूड नको होतं."

राग कुणावर काढावा हे धाकट्याला कळत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"आटपा आता," काका मशीनवाल्याकडे वळून म्हणाले. "सुरू कर. कापून टाक, म्हणजे पैशाचा प्रश्न उरेल, आणि पैसा द्यायची माझी तयारी आहे. कुणाच्या हिश्शातून, ते कोर्ट बघेल."

मशीनवाल्याने बटण दाबलं. करवत घरघरू लागली. त्याने पहिली फळी उचलून मशीनच्या टेबलावर ठेवली आणि शेठकडे पाहिलं.

वकीलबाई आजवर कोर्टात कधी ओरडल्या नव्हत्या. आता मशीनच्या आवाजावर चढवून त्यांना ओरडावं लागलं, आणि तेही काकांवर नव्हे, शेठवर.

"शेठ, नीट ऐका. फळ्या शाबूत परत गेल्या तर मुलाचं नुकसानच नाही. नुकसान नाही तर हिचं घर सुरक्षित, तुम्हीही सुटू शकता. करवत चालली की नुकसान झालं, आणि ते तुम्ही सगळं माहीत असताना केलंत. इथे चार साक्षीदार आहेत. सर तुम्हालाही बुडवतायत, कळतंय का?"

मग त्या काकांकडे वळल्या. "आणि तुम्हाला एकच विचारते. हिने विकायला सांगितलं. विकलंत का? घेणारा कोण होता ते हिला सांगितलंत?"

काकांनी खोक्यावरचं हेल्मेट आणखी सरळ केलं.

"मला म्हणाले, परगावचा कुणी व्यापारी," ताई म्हणाली.

"घेणारे तुम्हीच. देणारे तुम्हीच. भाव ठरवणारेही तुम्हीच. ज्या गोष्टीला तिने हो म्हटलं ती झालीच नाही, आणि जी झाली ती तिला सांगितलीच नाही. अशी संमती कोर्टात टिकवून दाखवा."

शेठने काकांकडे पाहिलं, वकीलबाईंकडे पाहिलं, आणि व्यापारी माणूस जितक्या चटकन हिशेब करतो तितक्या चटकन केला. तो स्वतः जाऊन बटण बंद करून आला. करवत थांबायला बराच वेळ लागला. फळीची कड पात्यापासून बोटभर अंतरावर होती.

६

अकराला कोर्ट उघडलं तेव्हा शेठ साक्षीदार म्हणून बाहेर बाकावर बसला होता, जन्मभर कायद्याचा आदर करत आल्यासारखा. मनाई हुकूम त्याच दिवशी मिळाला. पुढे काकांना विश्वस्तपदावरून दूर केलं गेलं आणि सगळा हिशेब द्यायला लावला. छाटलेल्या तोंडांची भरपाई, वाहतूक, दाव्याचा खर्च, सगळं त्यांच्या स्वतःच्या खिशातून. ताईने तिच्याकडची रक्कम कोर्टात जमा केली. तिच्या घराला धक्का लागला नाही, कारण लाकूड अख्खं होतं. काका निकालाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी शर्टाची बाही सारखी केली आणि कुणाकडेही पाहिलं नाही. वकीलबाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण पुरता झाला नाही.

लाकूड माळ्यावर परत चढलं त्या दिवशी त्या मुद्दाम गेल्या. धाकट्याचं पेन त्यांच्या पर्समध्ये राहिलं होतं, असं त्यांनी निमित्त काढलं. ते पेन खरं तर काकांचं होतं.

भाऊ-बहीण या काळात एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. ताईचे यजमान आणि मिस्त्री खालून फळ्या देत होते, धाकटा वर घेत होता. पहिला थर बाबांच्या दांड्यांवर बसला. फिके ठसे बरोबर दांड्यांच्या डोक्यावर आले, जणू फळ्या तिथून कधी हलल्याच नव्हत्या. आता वर पट्ट्या ठेवायच्या होत्या. फळ्यांनी खालचे दांडे झाकले गेले होते. वरच्या बाजूचे ठसे दिसत होते, पण धाकट्याला पट्ट्या बाबांसारख्या वितीनेच मापून ठेवायच्या होत्या. धाकट्याने वीत पसरली. मोठी पडली. त्याने बोटं आखडून पाहिली, पुन्हा पसरली. जमेना. टेप आणायला तो उठलाही नाही.

ताई कोपऱ्यात पट्ट्या पुसत बसली होती. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मग तो गेला, तिचा हात धरून तिला उठवलं, आणि तिचा पंजा फळीवर उघडून ठेवला. अंगठा एका फिक्या ठशावर. त्याने तिची बोटं एकेक करून पसरली.

तिची करंगळी पुढच्या ठशावर जाऊन टेकली. केसभरही इकडेतिकडे नाही.

ताईने हात ओढायचा प्रयत्न केला. त्याने सोडला नाही.

"मी हे काम सोडणार नाही, ताई," तो म्हणाला. "नाकाला फडकं बांधीन, करवतीपाशी जपून राहीन, तू म्हणशील ते करीन. पण माप तुलाच द्यावं लागेल. माझी वीत चालत नाही."

ताईचे डोळे भरून आले होते, आणि धुळीच्या हाताने ते पुसताही येत नव्हते. मग तिने करंगळीच्या जागी अंगठा आणला, वीत पुन्हा पसरली आणि थांबून राहिली. धाकट्याने तिच्या करंगळीपाशी पट्टी ठेवली.

वकीलबाई पेन तसंच पर्समध्ये ठेवून पायऱ्या उतरल्या.